पिवळा झोत

“बसत नाय म्हंजे? जोर करून बसवा, बसेल!” विजेच्या सामानाचा दुकानदार मेहुल म्हणाला.

भावनाने दिवा खोक्यात परत ठेवला. “मेहुलभाई, हा लग्नाच्या मांडवातला दिवा आहे. मला फॉलो स्पॉटचा हवाय. नाटकात नटाच्या मागे मागे झोत फिरवतात ना, त्याचा.”

“उजेड तो उजेड, बेन.”

भावनाने कपाळाला हात लावला. ती तारापूरच्या औषध कंपनीत तपासनीस होती आणि सुट्टीच्या दिवशी बोईसरच्या हौशी नाट्यमंडळाचे झोत सांभाळायची. मंडळाच्या दोन झोतांपैकी एकाचा दिवा गेला होता आणि प्रयोग तोंडावर आला होता. पालघरहून आणलेल्या दिव्याचे पाय नीट बसले, पण आतली तार खाली होती. झोताच्या ऐन मध्यावर काळा डाग पडला, तोही नटाच्या नाकावर. तो परत करताना तिथल्या दुकानदाराने तिलाच झोत नीट धरायला शिकवलं.

शेवटी मेहुलने कुठूनतरी पांढरे एलईडी दिवे काढले. “याच होल्डरात बसतात. तापत नाय, उडत नाय.”

भावनाला हायसं वाटलं. तिने तिथूनच प्रदीपकाकांना फोन लावला. प्रदीप तांडेल जवळच्याच नवापूरचे, मंडळाचे सर्वांत जुने नट. या नाटकातला म्हातारा न्यायाधीश तेच करत होते.

“पांढरा नको,” काका म्हणाले. “जुन्यासारखाच आण.”

“जुन्यासारखा मिळत नाहीये काका! का नको, ते तरी सांगा.”

“नको म्हंजे नको.”

भावनाने फोन ठेवला आणि दोन्ही झोतांसाठी पांढरेच दिवे घेतले. प्रत्येकाचे नखरे कुठवर सांभाळायचे?

रविवारी दुपारी तालमीला पांढरा झोत पडला तेव्हा सगळ्यांनी वाहवा केली. काका आले, पहिलं वाक्य ठणठणीत बोलले आणि खुर्चीत बसायचं सोडून पुढे चालत सुटले.

“काका, तालीम आहे की फेरफटका?” भावना गॅलरीतून ओरडली.

सगळे हसले. काकाही हसले. मग त्यांचा एक पाय पुढे सरकून रंगमंचाची कड चाचपू लागला. नाटकात त्यांच्या मुलीचं काम करणाऱ्या सपनाने त्यांची बाही धरून त्यांना मागे ओढलं. भावनाचं हसू तिथेच थिजलं.

चहाच्या वेळी तिने त्यांना बाजूला घेतलं. “काय झालंय?”

“काचबिंदू,” काका हळूच म्हणाले. “गेलेलं परत येत नाय म्हणतो डाक्टर. पांढऱ्यात सगळं दूध होतं गो. पिवळ्यात निदान खुर्चीची सावली गावते. आन तो दिवा गालाला लागतो. ऊब आली की कळतं, तोंड लोकांकडं हाय.”

“आणि हे आत्ता सांगताय? मी बोईसर-पालघर पालथं घातलं!”

“आदी सांगितलं असतं तर अंकुशनं काम दिलं असतं?”

अंकुश दिग्दर्शक होता आणि त्याने काम दिलं नसतं, हे दोघांनाही ठाऊक होतं. तिला मेहुलचा राग आला, काकांचा आला, आणि मघाच्या आपल्या ओरडण्याचा सगळ्यात जास्त.

दुसऱ्या दिवशी तिने पांढरे दिवे परत केले. एका झोताचा जुना पिवळा दिवा अजून शाबूत होता. तो झोत तिने गॅलरीतून उतरवून घेतला आणि पहिल्या रांगेशेजारी भिंतीला लावला.

“एकाच झोतात नाटक?” अंकुश वैतागला. “आणि तोही इतक्या जवळून? कारण काय?”

“डोकं तापलंय माझं. कारण विचारू नकोस.”

प्रयोगाच्या संध्याकाळी जुना दिवा केव्हा दगा देईल याचा नेम नव्हता. भावना दात आवळून झोत फिरवत राहिली. काका बरोबर खुर्चीपाशी थांबले, बसले, उठले, मुलीला घराबाहेर जायला सांगताना लोकांकडे वळले. मागच्या रांगेत कुणीतरी नाक ओढलं.

पडदा पडून पुन्हा उघडला. रांगेने नमस्कार झाले, सभागृहातल्या पांढऱ्या ट्यूबलाइट लागल्या, लोक उठू लागले. सपनाला तिच्या मैत्रिणींनी पुष्पगुच्छ दाखवून विंगेत बोलावलं, तिच्यामागे बाकीचेही गेले. काका मधोमध हात जोडून उभे होते. चेहऱ्यावर हसू होतं, पण पाय हलत नव्हते.

“भावना, बंद कर तो आता!” अंकुश ओरडला.

“करते रे बाबा, दम धर जरा!”

तिने झोत अगदी सावकाश डावीकडे सरकवला. काकांचा गाल त्याच्याबरोबर वळला. मग मान ताठ ठेवून, घाई न करता, न्यायाधीशाच्याच चालीने ते त्या पिवळ्या वर्तुळामागून विंगेकडे निघाले. त्यांचं शेवटचं पाऊल आत गेलं, तेव्हा कुठे तिने बटण बंद केलं.