काम न करण्याचं शपथपत्र

माझ्या आईला पहिल्यांदा व्हिसा नाकारला गेला तो तिच्या शपथपत्रामुळे. ते शपथपत्र कुणीही मागितलेलं नव्हतं.

आई कोर्टाबाहेर पत्र्याच्या शेडखाली टेबल मांडून टायपिंग करते. चौतीस वर्षं झाली. वारसाचे अर्ज, नावातले बदल, हरवलेले दाखले, भाऊ भाऊ वेगळे झाल्याचे कागद. लोक घाईत येतात, रडत येतात, एकमेकांकडे न बघता येतात. आई सगळ्यांना एकच सांगते, खरं काय ते बोला, ओळीत मी बसवते. तिच्या हाताखालून खोटं जात नाही असं नाही, पण ते दुसऱ्याचं असतं. स्वतःच्या सहीखाली तिने कधी फुलाची पाकळीसुद्धा वाढवून लिहिली नाही. माझ्या लग्नपत्रिकेत माझ्या नावापुढे तिने 'पदवी (एक विषय राहिला आहे)' असं छापून आणलं होतं.

गट्टू झाला तेव्हा आई यावी एवढीच माझी मागणी होती. मी दातांच्या कारखान्यात काम करते, म्हणजे कवळ्या आणि टोप्या बनवते. नवरा लिफ्ट दुरुस्त करतो, त्यामुळे कुणीतरी कुठेतरी अडकलं की त्याला जेवण टाकून उठावं लागतं. मी आईकडे जावं तर आमचा राहण्याचा परवाना नूतनीकरणाला टाकलेला. तो हातात येईपर्यंत देश सोडायचा नाही, असा नियम. तो कधी येईल, असं विचारायचं नाही, असाही एक असावा. म्हणून आईनेच यायचं ठरलं. गट्टू तीन महिन्यांचा असताना आम्ही अर्ज भरला.

मी तिची तयारी करून घेतली. गट्टू झोपला की फोन करून विचारायचे, कशाला चाललात? ती म्हणायची, मुलीला भेटायला. आणखी काही? नाही. आठवडाभर रोज. पाढे पाठ झाले. मी निर्धास्त झाले, आणि तिथेच चुकलं. कारण आईच्या मते नुसता अर्ज म्हणजे उघडा माणूस. तिने मला न सांगता दोन पानी शपथपत्र टाइप केलं, नोटरीचा शिक्का मारून घेतला आणि अर्जाला जोडलं.

'की, मी माझ्या नातवास रोज सकाळी न्हाऊ घालीन. की, माझी मुलगी कामावर गेल्यानंतर त्यास सांभाळीन. की, भांडी, कपडे, केर इत्यादी करीन. की, मुलीवर माझा कोणताही भार पडणार नाही.'

शेवटचं कलम वाचून साहेब विरघळेल असा तिचा अंदाज होता.

साहेबाने एका परिच्छेदात उत्तर दिलं. पाहुणा म्हणून येणाऱ्या व्यक्तीला काम करता येत नाही. अर्जदाराने स्वतःच शपथेवर कळवलं आहे की ती घरकाम आणि मूल सांभाळण्याचं काम करणार आहे. सबब, नाही.

"हात दाखवून अवलक्षण," नवरा म्हणाला. सासूबद्दल म्हणाला, म्हणून मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही. पण मनात मीही तेच म्हणत होते.

आईने ते पत्र फोनवर मला तीनदा वाचून दाखवलं. पगार मागितलेला नाही, असं तिचं म्हणणं होतं. मी सांगितलं की पगाराचा प्रश्नच नाही, फुकट केलं तरी त्यांच्या लेखी ते काम.

"पोराला न्हाऊ घालणं हे काम आहे, असं मला जन्मात कुणी म्हटलं नाही," ती म्हणाली. "या माणसाने पहिल्यांदा म्हटलं. आणि म्हटलं तेही नाकारायला."

गट्टू सहा महिन्यांचा झाला, माझी रजा संपली, तो पाळणाघरात जायला लागला. तिथे त्याला पहिला सर्दीखोकला मिळाला, दुसरा मिळाला, मग आम्ही मोजणं सोडलं. पुन्हा अर्ज करायचा, तर भीती वेगळीच. एकदा नकार मिळाला की पुढच्या प्रत्येक अर्जात तो कबूल करावा लागतो. दोनदा मिळाला तर आईला नातू थेट नवरदेवाच्या पोशाखात दिसणार.

शेवटी मी वाचनालयात गेले. तिथे दर शनिवारी एक निवृत्त वकीलबाई परवान्याचे आणि व्हिसाचे प्रश्न फुकट सोडवतात. खोली शिल्लक नाही म्हणून त्यांना बालविभाग दिलेला आहे. त्या बुटक्या लाल खुर्चीवर बसतात, गुडघे हनुवटीला लागलेले. समोरच्या बुटक्या पिवळ्या खुर्चीवर आपण. मागे फळ्यावर नेहमी विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांचा कागद लावलेला. नवरा-बायको वेगळे झाले तर परवान्याचं काय, सावत्र मूल कुटुंबात धरतात का, इथे जन्मलेल्या बाळाचं नागरिकत्व कोणतं. माझा प्रश्न त्यात नव्हता.

मी विचारलं, आजीने नातवाला कडेवर घेतलं तर चालतं का. चालतं, त्या म्हणाल्या. रडला तर? गप्प करावं. मी कामावर असताना रडला तर?

वकीलबाईंनी चष्मा काढला. "तुम्ही कामावर असताना तो कुठे असेल?"

"पाळणाघरात."

"मग आजी नातवाला भेटायला येतेय. त्याला सांभाळायची सोय व्हावी म्हणून नाही. एवढाच फरक आहे, आणि तो कागदावर दिसला पाहिजे." पाळणाघराचं पत्र जोडा, तुमच्या नोकरीचं जोडा. मग त्यांनी आईच्या अर्जातला कुटुंबाचा रकाना काढला. नवरा हयात नाही, मूल एकच, तेही परदेशात. अशी बाई कागदावर कशी दिसते सांगू का, त्या म्हणाल्या, कधीच परत न जाणारी. तिला परत ओढणारं काय आहे तिकडे?

मी म्हटलं, टेबल. सहा आठवड्यांच्या वर रिकामं राहिलं तर शेजारचा स्टॅम्पवाला आपली छत्री तिकडे सरकवणार. गेली वीस वर्षं तो त्यासाठीच जगतोय. वकीलबाईंनी ते गंभीरपणे लिहून घेतलं आणि जागेचा कागद कोर्टाच्या कचेरीतून मागवायला सांगितला. मग शपथपत्राची प्रत दोन बोटांत धरून म्हणाल्या, "आणि हे पुन्हा जोडायचं नाही."

हे मी आईला जसंच्या तसं सांगितलं. तिला पटलं नाही. शपथेवर केलेलं विधान नुसतं गिळता येत नाही, ते दुसऱ्या शपथेनेच मागे घ्यावं लागतं, हे तिने मला शिकवलं. गप्प राहणं म्हणजे पहिलंच कायम. याबाबतीत तिचा अनुभव वकीलबाईंपेक्षा मोठा होता. मी वाद घातला नाही. चार दिवसांनी तिने मजकुराचा फोटो पाठवला.

'की, मागील शपथपत्रातील सर्व कलमे मी याद्वारे रद्द करीत आहे. की, मी मुलीस व नातवास केवळ भेटण्यासाठी जात आहे. की, तेथे मी घरकाम, बालसंगोपन अथवा तत्सम कोणतेही काम, सवेतन वा विनावेतन, करणार नाही.'

वकीलबाईंनी तो फोटो दोनदा वाचला. माझा काही इलाज नाही, पण याच्यापुढे त्यांचाही नाही, असं म्हणाल्या.

मुलाखतीचं वर्णन आईने जबानी दिल्यासारखं केलं. अधिकारी तिशीचा, केस व्यवस्थित. त्याने विचारलं, मुलगी दिवसभर कामावर, नातू पाळणाघरात, मग तुम्ही काय करणार? मी म्हटलं, बसणार. तो म्हणाला, सहा आठवडे? मी म्हटलं, चौतीस वर्षं बसलेलीच आहे. त्याने परत माझ्या कागदाकडे बघितलं. मग विचारलं, हे तुम्हीच टाइप केलंय? मी म्हटलं, एकही खाडाखोड नाही, बघून घ्या.

व्हिसा मिळाला. नवऱ्याने त्या दिवशी लिफ्टऐवजी जिना चढून येऊन मला मिठी मारली.

आई आली. विमानतळावर तिने हात पुढे करायच्या आधी मला विचारलं, घेऊ? मी हसले. तिने गट्टूला घेतलं आणि एवढ्या बारकाईने बघितलं, जणू ओळख पटवायची होती. मग म्हणाली, नाक तुमच्याकडचं आहे हो जावईबापू, असू दे.

घरी येऊन ती सोफ्यावर बसली. पहिला दिवस मी म्हटलं, प्रवासाचा शीण. दुसऱ्या दिवशी मी भांडी घासत होते, ती हात मांडीवर ठेवून माझ्याकडे बघत होती. चहाचा कप रिकामा झाला की टेबलावर ठेवायची आणि त्याच्याकडेही बघायची. माझ्या आईने उठून कप विसळला नाही, हे दृश्य मी आयुष्यात पहिल्यांदा पाहत होते. मला वाटलं, तिला बरं नाही. कपाळाला हात लावून पाहिला. गार होतं.

तिसऱ्या दिवशी गट्टूने लंगोट भरला. आई म्हणाली, "तुझ्या मुलाने केलंय."

"मग बदल ना."

तिने पर्समधून घडी घातलेला कागद काढला आणि एका शब्दावर बोट ठेवलं. तत्सम.

मी सांगितलं की वकीलबाईंनी स्वतः सांगितलंय, चालतं. नवऱ्याने सांगितलं, इथे कोण बघतंय, आई. ते मात्र त्याने म्हणायला नको होतं. "सल्ला तोंडी आहे," आई म्हणाली. "सही माझी आहे."

मग तिने शब्द पाळला. गट्टूला ती भेटायची. संध्याकाळी आम्ही आलो की त्याला समोर बसवून तासन्‌तास भेटायची, कोर्टातल्या गोष्टी सांगायची, तो तोंड उघडं टाकून ऐकायचा. पण तो ओला झाला, भुकेजला, पेंगुळला की साक्षीदारासारखी मला कळवायची. तिची बोटं मात्र गप्प नसायची. मी कपडे वाळत घालायला लागले की ती मांडीवर टकटक चालायची, ओळ संपली की थांबायची, पुन्हा सुरू. दुसरं कुणी असतं तर तक्रार केली असती. इथे आपलेच दात आणि आपलेच ओठ. घरात एक कप जास्त घासायला लागला, एवढीच आईच्या येण्याची नोंद होती.

दुसऱ्या आठवड्यातला गुरुवार. कारखान्यात एक अख्खी कवळी पुन्हा करावी लागली होती, कारण गिऱ्हाइकाला स्वतःचं हसू ओळखू येत नव्हतं. पाळणाघरातून गट्टूला घेऊन आले तेव्हा पिशवीतली दुधाची बाटली सांडलेली होती. तो किंचाळत होता. आई सोफ्यावर होती. म्हणाली, भूक लागलीय त्याला.

मी पिशवी जमिनीवर ठेवली. आवाज न चढवता बोलले, तेच वाईट झालं.

"सहा आठवडे बसायचंच होतं, तर तुझ्या शेडखाली काय वाईट होतं?"

नवरा आतून आला, गट्टूला उचलून स्वयंपाकघरात घेऊन गेला. आईने पर्स ओढली, कागद काढला, चष्मा लावला. मला वाटलं, आता पुन्हा तत्सम. पण ती पहिल्या ओळीपासून वाचायला लागली, ओठ हलवत, सहीपर्यंत, नोटरीच्या शिक्क्यापर्यंत. पक्षकाराला सही करायला लावण्याआधी वाचते तशी. मग पुन्हा वर गेली आणि परत खाली आली.

"यात घर आहे," ती म्हणाली. "मूल आहे. मुलीचं काम करणार नाही, असं कुठे लिहिलंय?"

मला कळलं नाही.

"बूट काढ. इकडे ये."

मी बूट काढले. तिने कागद घडी घालून बाजूला ठेवला आणि सोफ्यावर सरकून जागा केली. मी बसले. तिने माझा खांदा धरून मला आडवं केलं, डोकं मांडीवर घेतलं. केसांचा चाप काढला. बोटं केसांतून फिरायला लागली. चौतीस वर्षांची टणक बोटं, प्रत्येक बोट आपापल्या जागी दाबणारी.

"हे तत्सम नाही का?" मी विचारलं.

"बालसंगोपन लिहिलंय. तू तीस वर्षांची आहेस."

मी हसले, मग दुसरंच काहीतरी व्हायला लागलं आणि मी तोंड तिच्या पदरात खुपसलं. तिने ते दिसलं असं दाखवलं नाही. कानामागे दाबलं, मानेत दाबलं. मानेत कवळ्यांचा अख्खा आठवडा बसलेला होता, तो तिला बरोबर सापडला.

"उद्या येतेस तेव्हा बूट काढून आधी इथे यायचं," ती म्हणाली. "रोज. हे मी लेखी देत नाहीये."

स्वयंपाकघरात बाटली पडली, नवरा काहीतरी पुटपुटला आणि गट्टूने पुन्हा सूर लावला. मी उठायला लागले. आईने तळहात माझ्या कपाळावर ठेवला आणि खाली दाबला.

"रडतोय तो," मी म्हटलं.

"ऐकू येतंय मला," आई म्हणाली. "त्याला बाप आहे."