रेणुकेचं वाक्य

हिराकाकीच्या डोईवरच्या हंड्यातलं पाणी कधी हिंदकळलेलं मी ऐकलं नाही. मार्गशीर्षातल्या तिरप्या उन्हात, मिठागरांवरून आलेला खारा वारा भाताच्या कापलेल्या खुंटांतून सळसळत असताना, ती बांधावरून येई ती इतक्या संथ, समतोल पावलांनी, की सायंकाळही तिच्या मागोमाग सावकाश उतरते आहे असं वाटावं. रापलेला सावळा चेहरा, कपाळावरचं हिरवट गोंदण, आणि ओठांची एक अखंड, अस्फुट हालचाल. ती काय पुटपुटते हे कुणाला ठाऊक नव्हतं; आणि जे ठाऊक नसे त्याचा अर्थ लावायला आमच्या गावाला कधी वेळ लागत नसे.

सोपाऱ्याच्या खाडीकाठचं ते गाव. स्वातंत्र्य मिळून दोन-तीन वर्षं झाली असतील. मी तिथल्या शाळेत मास्तर होतो. खाडीलगतच्या विहिरी मचूळ, त्यामुळे गोड्या पाण्यासाठी बायकांना केळीच्या वाड्यांपर्यंत जावं लागे. त्या मार्गशीर्षात हिराकाकी रोज इतरांपेक्षा घटकाभर उशिरा परतत असे. तिचा नवरा जानूकाका हा मितभाषी, काटक माणूस. अंगणातल्या शेवग्याची सावली ओट्याच्या कितव्या दगडाला टेकली यावरून तो तिच्या येण्याजाण्याचं माप घेई. तो ओरडत नसे, हात उचलत नसे. नुसता पाहत असे, आणि त्या पाहण्यात वर्षानुवर्षं साठलेला काळोख असे.

पुराणांनी ज्या भूमीला शूर्पारक म्हटलं, जिथे परशुरामाने समुद्राला मागे सारलं असं म्हातारे सांगत, त्या भूमीने त्या वर्षी जत्रेसाठी परशुरामाचंच नाटक मागावं यात नवल नव्हतं. ते मी लिहिलं. पाणी आणायला गेलेली रेणुका उशिरा परतते. जमदग्नी ऋषींच्या मनात संशय येतो. ते मुलांना आईचा शिरच्छेद करायला सांगतात. चौघे नाकारतात, पाचवा परशुराम आज्ञा पाळतो. परशुरामाची भूमिका मी धर्माला दिली. धर्मा हा हिराकाकीचा एकुलता मुलगा, मिठागरावर राबणारा विशीतला तरुण, खांदे असे की परशू त्यांच्यासाठीच घडवलेला वाटावा. त्याला वाचायला जेमतेमच येई, तरी एकदा सांगितलेली भाषणं दुसऱ्या दिवशी तो घडाघडा म्हणत असे. मला वाटे, हे माझ्या शिकवण्याचं यश.

तालीम केळीच्या वाडीच्या कडेच्या एका पडवीत होत असे. मुंबईहून आलेला एक देखणा पेटीमास्तर सूर धरी आणि पडवीभर मंद, आर्त स्वर पसरत. एका संध्याकाळी सहज मागच्या कुडाच्या फटीतून माझी नजर बाहेर गेली. कुडाला टेकून हिराकाकी उभी होती. हंडा पायाशी, डोळे मिटलेले, ओठ हलत होते. दुसऱ्या दिवशीही ती तिथेच होती, तिसऱ्या दिवशीही.

मी शिकलेला माणूस. पण माझ्याही मनात पहिला विचार आला तो पेटीमास्तराचाच. हिच्या ओठांवर त्याचंच गाणं असणार, असं मी ठरवून टाकलं. संशय हा पावसाळी बुरशीसारखा असतो. भिंत कुणाची, हे तो पाहत नाही. आठवडाभराने बाजाराच्या वाटेवर जानूकाका भेटला, तेव्हा मी म्हणालो, "काका, काकी रोज तालमीच्या मागे उभी असते. पेटी वाजते तेव्हा." एवढंच. एवढंही पुरेसं होतं.

त्याने मान हलवली. दुसऱ्या दिवशी सकाळी हिराकाकीचं गाठोडं ओट्यावर ठेवलेलं होतं. तिचा भाऊ येऊन तिला माहेरी, आचोळ्याला, घेऊन गेला. गावाने दारा-खिडक्यांतून पाहून घेतलं.

त्या संध्याकाळपासून धर्मा अडखळू लागला. सोपी वाक्यंही त्याच्या जिभेवर येईनात. मी चिडलो, तेव्हा तो खाली मान घालून म्हणाला, "मास्तर, घरी आय बोलून दाखवायची. भाकऱ्या थापताना एकेक वाक्य म्हनायची, मंग मी तिच्या मागून. तिला सगला पाठ होता."

"तिला कसं पाठ? तिला तर अक्षरओळख नाही."

"ते मी कधी इचारला नाय."

माझ्या हातातली वही जड झाली. कुडाआडचे ते मिटलेले डोळे, ते हलणारे ओठ. मुलाची अडचण ओळखून तीच त्याची पोथी झाली होती. हे सत्य सबंध गावात मला एकट्यालाच पुरतं कळलं होतं, आणि ते मी लाजेने, भीतीने, मास्तरकीच्या अभिमानाने जत्रेपर्यंत गिळून बसलो. त्या पंधरा दिवसांची मला आजही किळस येते.

रॉकेल रेशनवर, म्हणून नाटक दुपार कलतानाच सुरू झालं. मोकळ्या शेतात फळ्यांचा रंगमंच, समोर सारं गाव, पहिल्या रांगेत जानूकाका. मी विंगेत वही घेऊन बसलो होतो. जमदग्नी गरजले, "पुत्रा, हिचा शिरच्छेद कर!" साडी नेसलेली रेणुका मान लववून बसली. धर्माने परशू उचलला. ऊन त्याच्या पात्यावरून घरंगळलं. आणि तो तसाच थांबला.

"बाबा," तो म्हणाला, आणि माझ्या संस्कृतप्रचुर नाटकात एकाएकी त्याच्या घरातली भाषा उतरली, "तिला इचारला का, उशीर का झाला?"

प्रथम थोडं हसू फुटलं, मग ते विरलं. जमदग्नी माझ्याकडे पाहू लागले. रेणुका झालेला पोरगा कुजबुजला, "मास्तर, काय बोलू?" मी पानं उलटली. त्या सबंध प्रवेशात मी रेणुकेला एकही वाक्य दिलेलं नव्हतं.

मी उठलो आणि रंगमंचावर आलो. "ती तालीम ऐकायला थांबायची," मी म्हणालो. "धर्माची वाक्यं पाठ करायला. मी पाहिलं होतं, आणि जानूकाकाला भलतंच सांगितलं. चूक माझी आहे."

धर्माने परशू फळ्यांवर ठेवला आणि तो शेतातून सरळ आचोळ्याच्या वाटेला लागला. बऱ्याच वेळाने जानूकाका उठला. त्याला धोतराचा सोगाही सावरता येत नव्हता.

दुसऱ्या दिवशी तो बायकोला आणायला गेला. मीही पाठोपाठ गेलो. हिराकाकी भावाच्या परसात वाल सोलत बसली होती. तो तिच्यासमोर येऊन म्हणाला, "चल घरी. मना समजला सगला."

"मास्तरांनी सांगितला म्हनून समजला," ती शांतपणे म्हणाली. "तीस वरसं मी घरात होती. मना कोनी इचारला?" जानूकाका एकटाच परतला. धर्मा आईपाशीच राहिला आणि तिथूनच मिठागरावर जाऊ लागला.

त्या दिवशी मी निघालो तेव्हा तिने मला थांबवलं. "मास्तर, त्या रेणुकेला तुमी काय बोलायला दिलेलं?"

"काही नाही, काकी."

तिने हातातली वालाची शेंग खाली ठेवली. "मंग लिवा," म्हणाली, आणि पुन्हा कामाला लागली.

मी पुष्कळदा लिहायला बसलो. रेणुकेच्या तोंडी कधी शाप घातला, कधी विनवणी, कधी क्षमा. प्रत्येक वाक्य वाचून पाहिलं की कळे, हे माझंच आहे; माझीच सुटका मागणारं. आचोळ्याला जाऊन तिलाच विचारावं, हे मनात येई, आणि दर वर्षी मी ते पुढच्या वर्षावर ढकलत असे.

एका श्रावणात धर्माचा निरोप आला, की आय गेली. काळ माणसाला नेतो तेव्हा त्याला न विचारलेल्या प्रश्नांची उत्तरंही सोबत नेतो. आणि मागे उरलेल्यांची स्मृती त्या रिकाम्या ओळीपाशी येऊन थांबते, जिथे कुणाचा तरी आवाज असायला हवा होता.