शमीमची तीन अक्षरं

मित्रांनो, मी जुना आहे, जाड आहे आणि इंग्रजी आहे, आणि या तिन्ही गोष्टींवरून रत्नागिरीत मी बरीच बोलणी खाल्ली आहेत. मी एक शब्दकोश. माझी पाठ उसवली आहे, कोपरे झिजले आहेत आणि कित्येक पानांना हळदीची बोटं लागली आहेत. मांडवीच्या एका घरात खिडकीजवळच्या मेजावर सध्या माझा मुक्काम असतो. खाऱ्या वाऱ्याने पानं फुगतात, पण आता त्याची सवय झाली आहे.

जन्म माझा छापखान्यातला. पानं दोऱ्याने शिवली, सरस लावला, वर लाल पुठ्ठा चढवला. मुंबईत एका कॉलेजच्या मुलाने मला विकत घेतलं आणि परीक्षा झाल्यावर फुटपाथवरच्या पुस्तकवाल्याला देऊन टाकलं. तिथून मला अयूबने उचललं. अयूब जहाजावर खलाशी होता. त्याच्या बॅगेत साबण, खजूर, अत्तराच्या बाटल्या आणि त्यांच्या गर्दीत मी, असे आम्ही घरी आलो. नव्या नवरीसाठी त्याने आणलेली भेट मी होतो.

"लोक बायकोला बांगड्या आणतात," त्याच्या आईने कपाळाला हात लावला. "आणि ह्याने वीट आणलीन!"

नवी नवरी म्हणजे शमीम. पूर्णगडची, दहावी झालेली. तिने मला ओढणीने पुसलं आणि आपल्या कपड्यांच्या कपाटात ठेवलं. मला तेवढ्यानेच फार बरं वाटलं.

तेव्हा घरात फोन एकच, तोही पुढच्या खोलीत. जहाज बंदराला लागलं की अयूबचा फोन यायचा आणि सासूबाई, जाऊबाई, पोरंटोरं सगळी कान टवकारून बसायची. त्यांच्यासमोर नव्या नवरीने नवऱ्याशी बोलायचं तरी काय? "बरी हाय. सगळी बरी हायत." एवढंच बोलून ती फोन ठेवायची. म्हणून अयूबने एक खेळ काढला. तो तिकडून इंग्रजीतली तीन अक्षरं सांगायचा. ती तिन्ही अक्षरं ज्यात आहेत, मागेपुढे कुठेही चालतील, असा सगळ्यात लांब शब्द शमीमने माझ्यात शोधायचा आणि पुढच्या फोनला सांगायचा.

आता गंमत अशी, की या कामात मी अगदी कुचकामी होतो. मी पहिल्या अक्षरावरून लावलेला. शब्दाच्या पोटात काय दडलंय ते शोधायचं, तर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत बोट फिरवत जावं लागतं. लांब शब्द सापडला तरी त्याहून लांब पुढे नसेलच असं नाही. शमीम भात शिजेपर्यंत चुलीपुढे मला मांडीवर घ्यायची. म्हावरं साफ करून हात धुतलेला असायचा, तरी एक खवला माझ्यात राहिला, तो अजून आहे. पहिल्या खेपेची अक्षरं होती बी, पी आणि वाय. फोन आला तशी ती सगळ्यांसमोर मान खाली घालून म्हणाली, "रिस्पॉन्सिबिलिटी."

"हे काय गो बोललीस त्याला?" सासूबाईंनी विचारलं.

"घर सांभाळते म्हटलं," शमीम म्हणाली आणि आत पळाली. तिच्या गालांवर आलेला रंग मी जवळून पाहिला. जगातल्या कुठल्याही पुस्तकाला माझा हेवा वाटावा, असे ते दिवस होते.

वर्षं गेली. सासूबाई गेल्या, नाझिया जन्मली, मोठी झाली, कॉलेजला गेली. खेळ मात्र चालूच राहिला. मग घरात स्मार्टफोन आला. नाझियाने आईला त्यात एक जागा दाखवली. अक्षरं टाकायची, की डोळ्याचं पातं लवायच्या आत शब्दांची रांग हजर, सगळ्यात लांब सगळ्यात वर. त्या फोनचा मला राग आला, खोटं कशाला सांगू? शमीम हल्ली मला नाकाशी धरून वाचायची, मध्येच डोळे पुसायची आणि मिटून ठेवायची. फोनवर तिने नाझियाकडून अक्षरं ठळक करून घेतली. अयूबने तिकडून अक्षरं पाठवली, की इकडून लगेच शब्द जायला लागला.

काही महिन्यांनी अयूबने अक्षरं पाठवणं सोडलं.

मग बोलणी उरली ती "जेवलीस?" आणि "गोळी घेतलीत?" एवढीच. मी आधी कपाटाच्या वर गेलो. पुढे फणसाचे पापड वाकडे होऊ नयेत म्हणून त्यांच्यावर बसलो. शेवटी मिक्सरखाली आलो. तो सुरू झाला, की माझी सगळी पानं थरथरायची. त्याहून जास्त त्या घरातली शांतता माझ्या मनाला लागायची.

अयूब जहाज सोडून कायमचा घरी आला, त्याच आठवड्यातली गोष्ट. चहा पिताना तो सहज बोलल्यासारखा म्हणाला, "शमीम, के, डब्ल्यू, डी."

तिने फोन डोळ्यांशी नेला आणि कप रिकामा व्हायच्या आत शब्द सांगितला. अयूबने कप खाली ठेवला.

"म्हणूनच विचारायचं सोडलं मी," तो म्हणाला. "म्हटलं, कंटाळली. आता शोधायचं नाय हिला माझ्यासाठी."

"मी कंटाळले?" शमीमचा आवाज चढला. "सोडलंत तुमी! मी फोन हातात घेऊन बसायची, आज तरी अक्षरं येतील म्हणून."

"मग पुस्तक का टाकलंस?"

"दिसत नाय मला," ती म्हणाली. "मोतीबिंदू झालाय. तुमच्या कानावर घातलं असतं, तर जहाज सोडून आला असतात. नाझियाचं शिकायचं राहिलं होतं. तुमाला वाट बघायला लागू नये, म्हणून फोन घेतला."

अयूबने तिच्या हातातला फोन काढून बाजूला ठेवला. मग हळूच म्हणाला, "वाट बघायलाच तर मला आवडायचं गो."

मित्रांनो, त्या दिवशी मला फार वाईट वाटलं. दोघंही एकमेकांची वाट पाहत होती आणि दोघांनीही आपापल्या मनाने अंदाज बांधून वर्षं घालवली.

अयूबने उठून मिक्सर बाजूला केला आणि मला बाहेर काढलं. "आता अक्षरं तू सांग. मी वाचतो."

"एफ, बी, यू," शमीम म्हणाली.

रोज दुपारी तो चष्मा लावून पहिल्या पानापासून मोठ्याने वाचायला लागला. ती शेजारी बसून लसूण सोलत ऐकायची. बीच्या पानांवर एकदा तो थांबला. "ब्यूटिफुल," असं म्हणून तिच्याकडे बघत राहिला. "हा चालंल?"

"लांब नाय," ती म्हणाली, पण हसली.

"मग बघतो पुढं."

वाचून झालं, की तो तिच्या केसांतली पिन काढून खुणेसाठी माझ्यात घालायचा. ईद झाली की तिच्या डोळ्यांचं ऑपरेशन करायचं दोघांनी ठरवलं होतं. वाचन एचपर्यंत आलं होतं. एका शुक्रवारी अयूब नमाजाला गेला आणि मशिदीच्या पायरीवर त्याच्या छातीत कळ आली. तो घरी परत आला नाही.

पुढे नाझियाने आईचं ऑपरेशन करून घेतलं. शमीमला आता छान दिसतं, सुईत दोराही ओवता येतो. तिने मला मेजावर ठेवलं आहे, रोज पुसते.

"अम्मी, तो अर्धवट राहिलेला शब्द फोनवर बघू का?" नाझियाने परवा विचारलं.

"नको."

"मग तूच वाच ना. दिसतंय की तुला आता."

"आणि वाचून संपलं तर?" शमीम म्हणाली. नाझियाने फोन खाली ठेवला.

मित्रांनो, घरातलं कुणी गप्प झालं, तर आपल्या मनाने ठरवून मोकळे होऊ नका. जवळ जा आणि विचारा, दिसतंय ना नीट? दुखतंय का काही? जुनी पुस्तकं असतील, तर तीही खुशाल उघडा, आम्हाला ते हवंच असतं. पण कधी मांडवीला आलात आणि या घरी चहाला बसलात, तर मला तेवढं उघडू नका. माझ्यात एक पिन आहे, ती हलवू नका. तिच्या बरंच पुढे, शेवटाकडे, यूच्या पानांवर ती तिन्ही अक्षरं असलेला एक लांब शब्द आहे. मला तो ठाऊक आहे. रोज दुपारी शमीम माझ्या पुठ्ठ्यावर हात ठेवून बसते, आणि मी तो तिला सांगत नाही.