आधी मेन स्विच

मारुतीराव घागांची चाहूल जिन्यात लागली की शहाडच्या त्या दोन खोल्यांतला टीव्ही बारीक व्हायचा. असं एखादं घर तुमच्याआमच्या ओळखीत असतंच. माणूस तसा वाईट नव्हे, दारू नाही, तंबाखू नाही. पण राग अगदी नाकाच्या शेंड्यावर! आमटीत मीठ जास्त पडलं की ताट सरकवायचे, घर डोक्यावर घ्यायचे आणि पाच मिनिटांनी चहा मागायचे. "माझ्या मनात काही राहत नाही," असं वर कौतुकाने सांगायचे. ते समोरच्याच्या मनात राहतं, हे त्यांना सांगणार कोण?

कोलशेतच्या एका कारखान्यात ते प्रेस खात्याचे सुपरवायझर होते. पत्रा दाबणारी, कापणारी ती मशिनं. पण सव्वीस वर्षांत त्यांच्या खात्यात एकाही कामगाराचं बोट गेलं नाही. निवृत्तीच्या दिवशी कामगारांनी त्यांना त्यांचं नाव घातलेला चिनी मातीचा कप दिला. त्या कपाला हात लावायची घरात कोणाची टाप नव्हती.

मार्चमधल्या एका सकाळी फळी पुसताना तो कप शकूताईंच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या हातून सुटला. त्यांनी घाईघाईने तुकडे गोळा केले, वर्तमानपत्रात गुंडाळले आणि तांदळाच्या डब्यामागे सारले. एक तुकडा तळपायात, बोटांच्या मुळाशी घुसला होता. दहा वर्षांच्या मधुमेहाने पाय बधिर. लादीवर रक्त दिसलं तेव्हा त्यांना कळलं. जखम दाखवायची तर कपाचं सांगावं लागणार. त्यांनी तुकडा उपसला, हळद दाबली आणि मोजे चढवले. "भेगा पडल्यात," म्हणाल्या. कपाचं विचारल्यावर म्हणाल्या, "वर नीट ठेवलाय."

तेराव्या दिवशी त्या तापाने फणफणल्या. डोंबिवलीहून लेक समीक्षा आली, तिने मोजा काढला आणि किंचाळलीच, "आई!"

कल्याणच्या हॉस्पिटलात शकूताईंच्या पायाची दोन बोटं काढावी लागली. काहीतरी टोचलं, एवढंच त्यांनी सगळ्यांना सांगितलं. वेळेवर आणलं असतं तर बहुधा वाचली असती, असं डॉक्टर म्हणाले. मारुतीराव सवयीप्रमाणे खाटेपाशी जाऊन कडाडले, "एवढं झालं तरी बोलली नाहीस? तोंड शिवलं होतं का?"

शकूताईंनी डोळे मिटून घेतले. "तुम्ही ओरडाल म्हणून," त्या म्हणाल्या.

मारुतीराव खाटेपासून मागे सरले.

दुसऱ्या दिवशी धाकू भेटायला आला. तो कोलशेत गावातलाच, त्यांच्या हाताखाली वीस वर्षं काम केलेला. दोघे बाहेर बाकावर बसले.

"धाकू, माझ्या खात्यात एक बोट गेलं नाही रे. आणि घरात दोन गेली, मी ओरडेन या भीतीने."

धाकू त्यांच्याकडे वळला. "सायेब, एक बोलू? रागवाल."

"बोल. आता कसला राग!"

"पयल्या दिवशी तुमी आमाला काय शिकवलं? मशीन अडकली तर हात घालायचा नाय. आधी मेन स्विच बंद, चाक पुरतं थांबू द्यायचं, मंग बघायचं काय अडकलंय ते. मंग घरात डोकं तापलेलं असताना, चालू मशिनीत हात कसा घातलात?"

"राग आला की सुचत नाही रे काही."

"मॅनेजर बोलायचा तवा बरं सुचायचं! तिथं गिळायचात की नाय? म्हंजे राग आवरता येतो तुमाला. घरात आवरायची गरज वाटली नाय."

मारुतीरावांनी मान खाली घातली. इतकं खरं त्यांना आजवर कोणी ऐकवलं नव्हतं!

"मी पण तापटच," धाकू म्हणाला. "डोकं फिरलं का पाइप घेऊन झाडांना पाणी घालतो. बायको बोलते, आज झाडं लय भिजली, काय बिनसलं? थंड झालो का मंग बोलतो. आनि 'का केलंस' नाय, 'काय झालं' इचारतो."

शकूताई घरी आल्या, काठी टेकत. राग चढला की मारुतीराव आता गॅलरीत जाऊन कठडा दोन्ही हातांनी धरायचे. प्रेसच्या मशीनला दोन बटणं असतात. दोन्ही हात त्यांवर असले तरच मशीन चालतं, म्हणजे हात आत जातच नाहीत. तसंच हे. तरी दोनदा तोल गेलाच. त्यांनी माफी मागितली. शकूताई "असू दे" म्हणाल्या, पण जिन्यात चाहूल लागली की टीव्ही अजूनही बारीक करायच्या. तीस वर्षांची भीती तीन महिन्यांत कशी जाणार?

मग एका सकाळी स्वयंपाकघरातून हाक आली, "अहो, दूध उतू गेलं!"

मारुतीरावांच्या कपाळाची शीर उडू लागली. ते कठडा धरून उभे राहिले, दहा श्वास मोजले आणि आत आले. "काय झालं? भाजलं नाही ना तुला?"

शकूताई त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग काठी टेकत गेल्या, तांदळाच्या डब्यामागून वर्तमानपत्राचं पुडकं काढलं आणि त्यांच्यासमोर ठेवलं. "हेही सांगायचं राहिलं होतं."

आत कपाचे तुकडे होते. एकावर त्यांचं नाव अर्धं उरलं होतं. बोटं गेली, तरी ही बाई कपाबद्दल बोलायला भीत होती! मारुतीराव खाली बसले आणि ढसाढसा रडले.

मित्रांनो, आपला राग पाच मिनिटांत उतरतो, पण त्याने बसलेली भीती घरात वस्ती करते. आपल्याच घरात आपल्यापासून काय काय लपवलं जातं, हे एकदा जवळच्या माणसाला विचारा. मात्र विचारण्याआधी मेन स्विच बंद करा.