पट्टा आधी, बातमी नंतर

मित्रांनो, मी एक जुना रक्तदाबमापक आहे. माणसाच्या काळजातलं सारं मला कळतं. म्हणजे, त्यातलं जेवढं दंडापर्यंत येतं, तेवढं.

कारखान्यात माझ्या काचेच्या नळीत पारा भरला गेला आणि मी इस्पितळात एका सिस्टरच्या हाती पडलो. पट्टा बांधला की सिस्टर रुग्णाला गप्प बसवत, कारण बोलण्याने दाब चढतो. मोठे डॉक्टर म्हणत, हा कधी खोटं बोलत नाही. डॉक्टरांबद्दल असं कुणी म्हटल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

सिस्टर निवृत्त झाल्या तेव्हा इस्पितळाने त्यांना एक भिंतीवरचं घड्याळ दिलं आणि मला. घड्याळ लवकरच बंद पडलं. तेव्हा सीमेवर लढाई चालू होती. ज्यांचे नवरे लढाईत गेले किंवा बेपत्ता झाले, अशा बायकांसाठी सिस्टरनी एक खोली मिळवली. तिथे शिवणयंत्रं होती, चहा होता आणि मी होतो.

सैन्याच्या छावणीतून वाईट बातम्या आधी सिस्टरकडे येत, कारण घरी जाऊन सांगायची कुणाची छाती होत नसे. सिस्टर आधी पट्टा बांधत, मग सांगत. पट्टा बांधलेलं माणूस उठून धावत नाही, आणि भोवळ आलीच तर त्याचा हात आपल्या हातात असतो. बायकांना हे लवकरच उमगलं. मी टेबलावर आलो की शिवणयंत्रं थांबायची. एवढा मान मला इस्पितळातही नव्हता.

त्यांच्यातल्या धाकटीचा नवरा बेपत्ता होता. ती म्हणायची, "मी इथे उमेदवार आहे, सिस्टर. मला कायम व्हायचं नाहीये." सगळ्या हसायच्या. सर्वांत थोरली आक्का सगळ्यांत जास्त.

त्या हिवाळ्यात धाकटीचं डोकं ठणकू लागलं, चेहरा सुजला, सुईत दोरा जाईना. सिस्टरनी मला बाहेर काढलं.

"हात दे."

धाकटीने दोन्ही हात स्वेटरच्या आत ओढून घेतले. "आज नको, सिस्टर."

"अगं, नुसता दाब बघायचाय."

"सगळ्यांना असंच म्हणता तुम्ही."

ते खरंच होतं. सिस्टर सगळ्यांना असंच म्हणत आल्या होत्या.

पुढच्या खेपेला भीती मोडावी म्हणून त्यांनी आधी आक्काला पट्टा बांधला. आक्काने निमूट डोळे मिटून घेतले. ते पाहून धाकटी चप्पल न घालताच निघून गेली. निदान यायची तरी थांबू नये, म्हणून सिस्टरनी मला कपाटावर ठेवून दिलं.

एका दुपारी अर्धी शिवलेली बाही हातात असतानाच ती यंत्रावर कलंडली. तेव्हा कुठे मला तिचा दंड मिळाला. माझा पारा नळीच्या टोकाला भिडला. दिवेलागणीपर्यंत ती गेली.

सिस्टरनी मला पुन्हा उघडलं नाही. माझं रबर तडकलंय, पारा झिरपलाय. मित्रांनो, जुन्या वस्तूंची निगा राखा, असं मी आता म्हणायला हवं. राखा. पण आधी आपला दाब मोजून घ्या. दुखत नाही.

धाकटीच्या नवऱ्याची बातमी अजून आलेली नाही.