हातचं राखून

“आय कॉल्ड डॉक्टर? कुठल्या डॉक्टरला?” बाईंनी विचारलं. पहिल्या बाकावरची नर्स गोंधळली. “कुणीही एक असला तर आधी ‘अ’ लाव. आपण ज्याच्याबद्दल बोलतोय तोच असला तर ‘द’. भल्या माणसाला असं उघडंबोडकं वाक्यात पाठवू नये गं.”

वर्गात खसखस पिकली. परदेशी नोकरीसाठी इंग्रजीची परीक्षा देणाऱ्या या नर्सेसना बाईंच्या जिभेची धार ठाऊक होती, आणि त्यांच्या नजरेतून चूक सुटत नाही हेही. शेवटच्या बाकावर बाईंची सून बसली होती. ती हसली नाही. बाईंच्या ते लक्षात आलं आणि पुढचं वाक्य त्या विसरल्या.

सून या परीक्षेत दोनदा नापास झाली होती. रोज स्वयंपाक उरकला की ती बाईंना निबंध वाचून दाखवायची. त्यातही असेच उघडेबोडके पेशंट, बेड, इंजेक्शन. बाई मान डोलवायच्या. “छान झालंय गं.” ती पास झाली असती तर तिच्यापाठोपाठ मुलगा गेला असता, आणि त्यांच्याबरोबर नातही. नात म्हणजे बाईंचा जीव की प्राण. तिच्याशिवाय घर खायला उठलं असतं.

संध्याकाळी भांडी घासता घासता, मागे न वळता सून म्हणाली, “आई, आज वर्गात तिची चूक लगेच सांगितलीत. मी तर रोज तीच करते.”

बाई धुतलेली भांडी पुसायला लागल्या.

“हातचं राखून शिकवलंत मला,” सून म्हणाली. “मला वाटायचं, माझंच डोकं चालत नाही. वॉर्डात तोंड लपवत फिरले मी.”

“चुकलं माझं. बस, आता शिकवते.”

सून हात पुसून समोर बसली. बाईंनी टेबलावर एक कप ठेवला, मग शेजारी आणखी काही कप मांडले; कुठलाही एक तो ‘अ’, बोट दाखवला तो ‘द’, असं काही न राखता शिकवलं. जेवणाची वेळ व्हायच्या आत सगळं तिच्या डोक्यात बसलं होतं. पोरगी हुशारच होती. ती कुठे अडली नाही, आणि बाईंना ‘आई’ म्हणून हाकही मारली नाही.

जेवणं झाल्यावर नात रोजच्यासारखी उशी घेऊन आजीच्या खोलीकडे निघाली. सुनेने तिचा हात धरला.

“आजपासून माझ्याजवळ झोपायचं.”

“पण आजी गोष्ट सांगणारे.”

“सवय व्हायला हवी, बाळा.”

नातीने आजीकडे पाहिलं. बाईंचा जीव तुटत होता.

“जा,” त्या म्हणाल्या. “आईचं ऐकावं.”

मग त्यांनी खोलीत जाऊन एकटीपुरतं अंथरूण घातलं.