बारा हजार शर्ट

"लिही," आक्का म्हणाल्या आणि शर्टाची कॉलर उलटी करून त्यांनी तिच्यावर इस्त्री दाबली. "लिही, की बाळा, तुला तलवार हवी होती आणि हातात साबण दिला, म्हणून तू गळा काढतोस. पण तलवार चालवून आल्यावर तुझा शर्ट धुतं कोण? तुझी आई?"

लाँड्रीच्या काउंटरवर फोन घेऊन बसलेल्या सुनेची बोटं थांबली. "आईवर नको जाऊया. मागच्या वेळी साइटवाल्यांनी तुमचं उत्तर काढून टाकलं होतं."

"बरं, आई काढ. मावशी घाल."

सुनेनं हसू दाबत मावशी घातली आणि उत्तर पाठवून दिलं. आक्कांनी कॉलर संपवून कफ घेतला. कॉलर, खांदे, कफ, बाह्या आणि मग अंग, हा क्रम चाळीस वर्षांत एकदाही चुकला नव्हता. कुणाची खरडपट्टी काढायची असली की हात उलट जास्तच सफाईनं चालायचा.

भांडण एका गेमवरून होतं. त्याचे पहिले दोन भाग म्हणजे नुसती धुमश्चक्री. खेळणाऱ्यानं सरदार व्हायचं, नाहीतर तिरंदाज, आणि त्या माणसाचं आयुष्य जगत किल्ल्यांमागून किल्ले घ्यायचे. तिसऱ्या भागासाठी लोक चार वर्षं डोळ्यांत प्राण आणून बसले होते. तो आला, आणि त्यात खेळणाऱ्याला व्हावं लागलं छावणीतली कपडे धुणारी बाई. लढाई टेकडीपलीकडे. ती कानावर येते, दिसत नाही. दिसतात ते शर्ट. रोज संध्याकाळी टोपल्या येतात. प्रत्येक शर्टाला आतून कुणाची तरी खूण शिवलेली, कुणाचा मासा, कुणाची चांदणी. डाग बघायचा, ओळखायचा, पाणी थंड घ्यायचं की गरम ते ठरवायचं. रक्ताला गरम पाणी लावलं की डाग कायमचा बसला.

निम्म्यांनी हा गेम डोक्यावर घेतला, निम्म्यांनी पायदळी तुडवला. कुणी फसवणूक म्हणालं, कुणी शिक्षा, कुणी झोपेची गोळी. आणि या सगळ्यांच्या मधोमध बाह्या सरसावून उभी होती 'थंडपाणी' या नावाची कुणी एक. एकानं लिहिलं, दहा तास खेळलो, काहीच घडलं नाही. थंडपाणीचं उत्तर गेलं, "दहा तासांत माशाच्या खुणेच्या शर्टावर तीनदा शाई होती, आणि चौथ्या दिवशी तो शर्ट आलाच नाही. हे घडणं तुला दिसत नसेल, तर मला तुझ्या घरच्यांची काळजी वाटते." ते उत्तर तीन हजार लोकांनी उचलून धरलं. त्या दिवसापासून थंडपाणी काय म्हणते याची लोक वाट बघायला लागले.

थंडपाणी म्हणजे आक्काच. शाळा त्यांची चौथीत सुटली होती. छापलेलं वाचायचं तर अक्षरं एकेक करून लावावी लागत, आणि त्यात अख्खी दुपार जाई. म्हणून वाचायची आणि लिहायची सून. जीभ मात्र आक्कांची स्वतःची होती, तिला कुणाची मदत लागत नव्हती.

एक गोष्ट आक्कांनी कुठेही लिहू दिली नाही. गेम बनवणारा त्यांचा धाकटा मुलगा होता. थंडपाणी कोण, हे घराबाहेर फक्त त्याला माहीत होतं.

"सांगून टाकूया ना," सून सुरुवातीला म्हणाली होती. "लोक जरा दबकून बोलतील."

"मुळीच नाही. आई म्हणून बोलले, की माझ्या बोलण्याला किंमत शून्य. चांगलं आहे म्हणून चांगलं म्हणते मी. वाईट असतं तर सगळ्यांच्या आधी मीच कान उपटला असता त्याचा."

आणि ते खरं होतं. आक्कांचा शब्द म्हणजे आक्कांचा शब्द. एखादा डाग निघणार नसेल तर त्या गिऱ्हाइकाच्या तोंडावर तसं सांगत, आणि निघेल म्हणाल्या तर तो निघत असे.

धाकटा सोळाव्या वर्षी घरातून गेला होता, अंगाला साबणाचा वास येतो म्हणून. पुढे वर्षाकाठी चार फोन, दोन भेटी. थोरला गाडीवरून कपडे पोचवायचं बघायचा, सून काउंटर सांभाळायची, आणि धाकट्याचं नाव घरात जपून घेतलं जायचं. दोन वर्षांपूर्वी तो अचानक एक जाड वही घेऊन आला आणि महिनाभर इस्त्रीच्या टेबलाशेजारी स्टुलावर बसला. शाई कशानं जाते? गंज? घामाचा डाग आणि अश्रूंचा डाग वेगळा ओळखता येतो का?

आक्कांनी हातचं काही राखलं नाही. डागांचं सांगितलं. कुठल्या शर्टातला माणूस बसून काम करतो, कुठला कपड्यांनिशीच झोपतो, कुणाच्या घरी अलीकडे कुणी बटणं लावत नाही, तेही सांगितलं. आणि एके दुपारी त्याचे वडील गेले त्या दिवसाबद्दलही सांगितलं. ते त्यांनी थोरल्याला कधी सांगितलं नव्हतं, सुनेलाही नाही. त्या दिवशी नवरा घरात तसा असताना बाईनं दुकान उघडलं, म्हणून सगळ्या गल्लीनं तोंडात बोटं घातली होती. उघडलं होतं खरं, नेहमीच्याच वेळेला. त्याच्या अंगात घालायचा पांढरा शर्ट इस्त्री करायचा होता, आणि तेव्हा इस्त्री दुकानातच होती. तो शर्ट दुसऱ्या कुणाच्या हातात कसा देणार? शर्ट झाला आणि त्यांनी शटर खाली ओढलं.

धाकट्यानं ते वहीत उतरवून घेतलं. लिहिताना त्याचे कान लाल झाले होते, हे आक्कांनी पाहिलं होतं.

म्हणून गेम हातात आला तेव्हा त्यांना वाटलं, पोरानं आपल्या हातांना मान दिला. दुकान उघडण्याआधी रोज दीड तास त्या टीव्हीसमोर बसायच्या. कंट्रोलरला त्या रिमोटच म्हणायच्या, पण अंगठे असे चालायचे की सून बघत राहायची. पडद्याच्या कोपऱ्यात धुतलेल्या शर्टांचा आकडा यायचा. तो बारा हजारांच्या वर गेला होता, आणि गरम पाण्यानं बिघडलेला त्यात एकही नव्हता.

मावशीचं उत्तर गेलं त्याच दिवशी, मंगळवारी दुपारी, मुलाखत आली. सुनेनं फोन खळीच्या बाटलीला टेकवून उभा केला. पडद्यावर धाकटा होता, नव्या काळ्या शर्टात.

"बाहीची घडी चुकलीय त्याची," आक्का म्हणाल्या, पण चेहरा फुलला होता.

मुलाखत घेणारी तरुण बाई होती. तिनं विचारलं, "ती थंडपाणी म्हणजे तुमच्या कंपनीनंच पगारावर नेमलेलं माणूस आहे, असं बरेच जण म्हणतात."

धाकटा हसला. "नाही हो. ती माझी आई आहे."

मुलाखतवालीनं टाळी वाजवली. आक्कांचा हात शर्टावर थबकला, पण कापड जळण्याआधी त्यांनी इस्त्री उचलली.

"सांगितलं तर एवढं काय बिघडलं," सून म्हणाली, पण हळू आवाजात.

"गप. ऐकू दे."

"आणि गंमत अशी," धाकटा सांगत होता, "की आईला गेम कळलेलाच नाही. वाळत घालायच्या दोऱ्यांच्या मागे एक फाटक आहे. पहिल्या दिवसापासून उघडं. एकही शर्ट न धुता तिथून बाहेर पडता येतं. बाहेर पडलात, की जिंकलात. ज्यांना हा गेम शिक्षा वाटतो ना, त्यांना तो अगदी बरोबर कळलाय. शिक्षाच आहे ती. माणसं उघड्या फाटकाशेजारी जन्मभर घासत बसतात, हे मला दाखवायचं होतं. माझ्या आईनं बारा हजार शर्ट धुतलेत. फाटकाकडे तिनं वळूनसुद्धा पाहिलं नाही."

"हे सुचलं कुठून तुम्हाला?"

धाकट्यानं खाली पाहिलं. "मी नऊ वर्षांचा होतो. वडील गेले, त्या दिवशीसुद्धा आमचं दुकान वेळेवर उघडलं होतं."

तो थांबला. मुलाखतवालीनं मान हलवली. आक्का वाट पाहत राहिल्या. आता शर्टाचं सांगेल. वहीत आहे.

धाकट्यानं पाण्याचा घोट घेतला आणि पुढच्या भागाबद्दल बोलायला लागला.

"ते मघाचं पुन्हा लाव," आक्का म्हणाल्या.

सुनेनं लावलं. तो पुन्हा त्याच जागी थांबला आणि पुन्हा पाणी प्यायला.

त्यानंतर फोनचं टिंग टिंग थांबेना. सून वाचत होती, निम्मं गाळून वाचत होती, आणि आक्कांना ते कळत होतं.

"गाळू नकोस."

"म्हणतात, आईच निघाली, मग पोराचं कौतुक करणारच. एक म्हणतो, सकाळी माझ्या मावशीवर गेलात तेव्हाच संशय आला होता, असं एखादी आईच बोलते. एक म्हणतो..." सून अडखळली.

"वाच."

"म्हणतो, बिचारी म्हातारी. पोराच्या गेममध्ये पोरानंच मामा बनवलं."

आक्कांनी शर्टाची घडी घातली, ती मनासारखी आली नाही, मोडून पुन्हा घातली. आजवर लोकांनी त्यांना खडूस म्हटलं होतं, तोंडाळ म्हटलं होतं. बिचारी कुणी म्हटलं नव्हतं. चार महिने ज्यांना त्या आंधळे म्हणत आल्या, त्या सगळ्यांना फाटक दिसलं होतं तर.

"तुला दिसलं होतं का गं ते फाटक?"

सून फोनकडेच बघत राहिली. "पहिल्याच आठवड्यात. तुम्ही साबण आणायला गेला होतात, मी जरा चालवून बघितला."

"मग?"

"मग गेले बाहेर."

"आणि मला बोलली नाहीस."

"तुम्ही सकाळी इतक्या खुशीत असायचात. मला वाटलं, कशाला उगाच. लोक फाटकाचं लिहायचे, तेही मी गाळून वाचायचे."

"म्हणजे या घरात मी एकटीच आत होते," आक्का म्हणाल्या.

धाकट्याचा नंबर त्यांना तोंडपाठ होता. त्यांनी स्वतःच फोन लावला.

"आई! पाहिलीस मुलाखत? लोकांना जाम आवडलीये."

"फाटकाबाहेर काय आहे रे?"

"अं?"

"तुझ्या त्या फाटकातून बाहेर पडलं, की काय दिसतं?"

"काही नाही गं. पडदा पांढरा होतो. गेम संपतो तिथे."

"एखादा रस्ता? एखादं घर? कुणी माणूस?"

"बाहेरचं काय दाखवणार? ते ज्याचं त्यानं..."

"चार वर्षं होती तुझ्याकडे. कफावरची शाई दाखवलीस, बटणाभोवतीचा गंज दाखवलास. कसं हुबेहूब! बाहेरचं मात्र तुला काहीच सुचलं नाही."

धाकट्याचा आवाज उतरला. "चिडलीस का? लोक तुला भाड्याची म्हणत होते, ते मला सहन होईना. म्हणून सांगितलं. बाकीचं गमतीत बोललो मी."

"शर्टाचं का नाही सांगितलंस?"

कुठला शर्ट, असं त्यानं विचारलं नाही.

"ते सांगितलं असतं तर गोष्ट वेगळी झाली असती, आई."

"झाली असती," आक्का म्हणाल्या आणि फोन ठेवला.

तीनशेच्या वर लोक उत्तराची वाट पाहत होते. सुनेनं फोन पुसला, हातात धरला आणि विचारलं, "काय लिहू?"

"लिही, गेम चांगला आहे. काल होता, आजही आहे. मी बारा हजार शर्ट धुतले, त्यातल्या एकाचाही मला पश्चात्ताप नाही. बनवणाऱ्यालाच तो कळला नसेल, तर इलाज नाही."

सुनेनं लिहिलं. "बास?"

आक्कांनी पुढचा शर्ट ओढला, कॉलर पसरली आणि तिच्यावर नुसताच हात ठेवला.

"आणि लिही, की मुलाखतीत ते गृहस्थ आई म्हणाले, त्यांची काहीतरी चूक झाली असेल. मी त्यांची कुणी नाही. गेम चांगला आहे म्हणून मी चांगला म्हणते."

सुनेनं फोन खाली घेतला. "आई, तो वाचणार आहे हे."

"वाचू दे. त्याला वाचता येतं."

सुनेनं लिहिलेलं दोनदा वाचून पाहिलं. कुठे एखादा शब्द मऊ करता येईल का ते शोधलं. मग आक्कांकडे न बघता बोट टेकवलं.

"गेलं?"

"गेलं."

आक्कांनी इस्त्रीचं बटण बंद केलं. टेबलावर अजून सहा शर्ट होते.